पाटावरची धाकटी, धाब्यावरचा थोरला

यंदा वाशी उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशीच्या, संध्याकाळी धाकटीचं बोरन्हाण केलं. ती चार वर्षांची आहे, म्हणजे पुढच्या वर्षी अजून एकदा होईल आणि मग संपलं, पाचाच्या पुढे कोणी करत नाही. दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घरी सासूबाईंनी हॉलमध्ये पाट मांडला, तिला काळा फ्रॉक घातला, हलव्याचे दागिने घातले, आणि तो मुकुट काही केल्या तिच्या डोक्यावर राहीना, सारखा घसरून डोळ्यांवर येत होता. आजूबाजूची पोरं गोळा झालेली, अर्धी मराठी अर्धी गुजराती, सगळ्यांचं लक्ष पातेल्याकडे. बोरं, चुरमुरे, उसाचे करवे, सोलाणे, बत्तासे, तिळाच्या रेवड्या, आणि हल्लीच्या पद्धतीप्रमाणे चॉकलेटं. सासूबाई औक्षण करत होत्या, नणंद व्हिडिओ काढत होती, मी फोटो, शेजारच्या मासी त्यांच्या फोनवरून अजून फोटो. वरती धाब्यावर (आमच्याकडे बडोद्यात गच्चीला धाबंच म्हणतात) स्पीकर चालू होता आणि दर दोन मिनिटांनी पतंग कापल्याची "कायपो छे"ची आरोळी येत होती, त्यात एक आवाज आमच्या थोरल्याचा.

थोरला बारा वर्षांचा, सातवीत आहे. मध्येच तो खाली आला, चिक्की घ्यायला. दोन दिवस उन्हात राहून नाक सोललेलं, गॉगलच्या जागेवर गोरे गोल, ओरडून ओरडून घसा बसलेला, मांजाने कापू नये म्हणून बोटांना चिकटपट्ट्या गुंडाळलेल्या आणि त्या काळ्या झालेल्या. दारात उभा राहून त्याने एक मिनिट बघितलं. मग काही न बोलता पाटामागे जाऊन गुडघ्यावर बसला आणि दोन बोटांनी तो मुकुट मागून वर धरून ठेवला. पातेलं रिकामं होईपर्यंत धरला, डोक्यावर बोरं पडत होती ती त्याच्याही अंगावर पडत होती. झालं तसा उठला, चिक्कीचे चार तुकडे घेतले आणि परत वर पळाला.

रात्री मी फोटो बघत बसले होते ग्रुपवर टाकायला. त्रेसष्ट फोटो काढले होते मी. त्रेसष्टपैकी एकातही तो नाही. म्हणजे आहे, पण फक्त ती दोन बोटं, पट्ट्या लावलेली, मुकुटाच्या मागून दिसणारी. मी फ्रेममधून त्याला कापून काढलं होतं, आणि ते मुद्दाम नव्हतं हेच मला जास्त लागलं.

मग मी फोनमध्ये मागे मागे जात राहिले. थोरल्याच्या पहिल्या वर्षाचे फोटो एका वेगळ्या हार्ड डिस्कवर आहेत, हजारोंनी आहेत, झोपलेला, जागा, जांभई देताना, शिंकताना, बारसं, उष्टावण, जावळ, पहिलं बोरन्हाण. आणि गेल्या वर्षभरातले त्याचे फोटो किती असावेत तर एकेचाळीस, आणि त्यातले सहा तर शाळेच्या आयकार्डसाठी पांढऱ्या भिंतीसमोर उभं करून काढलेले. एकेचाळीस. मी दोनदा मोजले.

आपल्याकडे लहान मुलाच्या प्रत्येक पायरीला काहीतरी आहे ना, बाळाला नाव ठेवलं की बारसं, पहिला घास घेतला की उष्टावण, केस काढले की जावळ, संक्रांत आली की बोरन्हाण. आपल्या आज्या-पणज्यांनी किती बारकाईने बघितलं असेल मुलांकडे की एक एक टप्पा वेगळा काढून त्याला पाट मांडला, दिवा ओवाळला. पण पाचाच्या पुढे काय? ज्यांच्याकडे मुंज करतात त्यांच्याकडे आठव्या वर्षी मुंज, तीही मुलाचीच, आणि मग थेट लग्न. नऊ, दहा, अकरा, बारा, ह्या वर्षांना कोणी पाट मांडत नाही. ही वर्षं आपल्याला नुसती प्रवासातल्या मधल्या स्टेशनासारखी वाटतात, गाडी थांबते, कोणी उतरत नाही, गाडी पुढे जाते.

माझ्याकडून हे आधीही झालंय, वेगळ्या पद्धतीने. थोरला लहान होता तेव्हा मला सगळ्याची घाई होती. पालथा कधी पडेल, रांगेल कधी, शेजारणीचा तर चालायला लागला, हा अजून बसतोच आहे, बोलत का नाही, डायपर कधी सुटेल, शाळेत कधी जाईल. प्रत्येक टप्प्यावर मी पुढच्या टप्प्याच्या दारात उभी होते. सासूबाई रोज सकाळी त्याची टाळू भरायच्या, खोबरेल तेल कोमट करून, तळहातावर घेऊन, हळूहळू मुरवायच्या, आणि मला बोलवायच्या, "ये, हात ठेव इथे." टाळू साधारण दीड वर्षापर्यंत भरते, तोपर्यंत तिथे हाड जुळलेलं नसतं, हात ठेवला की खालची नाडी लागते, उडते, अगदी पाखरू धरल्यासारखी. त्या म्हणायच्या, ठेव हात, हे परत मिळायचं नाही. मी दोन सेकंद ठेवायचे आणि उठायचे, ऑफिसची वेळ झालेली असायची. धाकटीच्या वेळी मी ती चूक केली नाही. तिच्या टाळूवर मी रोज हात ठेवला, रोज, आणि ज्या दिवशी नाडी लागेनाशी झाली तो दिवससुद्धा मला लक्षात आहे.

पण मला आत्ता कळतंय की धाकटीकडून मी जे शिकले ते मी फक्त धाकटीलाच दिलं. थोरल्याच्या बाबतीत मी उलटं टोक गाठलं. पूर्वी पुढचं बघत होते, आता मागचं बघते. त्याच्यासमोर बसून मी त्याचेच जुने व्हिडिओ बघते आणि म्हणते, अगं बाई किती गोड होतास तू. होतास. त्या "होतास"ने त्याला काय वाटत असेल ह्याचा विचारच केला नव्हता मी. एकदा तो म्हणाला होता, "आई, तुला तो जास्त आवडतो ना, छोटा मी?" मी हसून उडवून लावलं. आता त्या हसण्याचा त्रास होतो.

हे सगळं डोक्यात होतं आणि त्याच आठवड्यात रविवारी आम्ही कमाटीबागेत गेलो, दोन्ही मुलं आणि मी. बाहेरून येणारे लोक सयाजीबाग म्हणतात, बोर्डावरही तेच, पण जुने बडोदेकर कमाटीबागच म्हणणार. जाताना काळ्या घोड्याचा सर्कल लागतो, घोड्यावर बसलेल्या सयाजीराव महाराजांचा पुतळा, आणि धाकटीने विचारलं हा काका कोण. थोरल्याने तिला सांगितलं ते ऐकत मी चालत होते. तो म्हणाला, "हे बडोद्याचे राजे. पण आधी ते राजे नव्हते, गावात राहायचे, त्यांचं नाव गोपाळ होतं. माझ्याएवढे होते तेव्हा त्यांना इथे आणलं." तिने विचारलं, "आणि मग त्यांची आई?" त्याने एक क्षण थांबून सांगितलं, "आई दुसरी झाली."

बडोद्यात वाढलेल्या कुठल्याही मराठी माणसाला ही गोष्ट माहीत असते, आपण ती इतिहासाच्या पुस्तकातली म्हणूनच ऐकलेली असते. नाशिक जिल्ह्यात मालेगावजवळचं कवळाणे गाव, तिथल्या काशीराव आणि उमाबाई गायकवाडांचा मुलगा गोपाळराव, जन्म ११ मार्च १८६३. इकडे बडोद्यात खंडेराव महाराज १८७० मध्ये गेलेले, त्यांच्यानंतर गादीवर आलेल्या त्यांच्या भावाला, मल्हाररावांना, इंग्रजांनी १८७५ मध्ये पदच्युत केलं, आणि खंडेरावांच्या विधवा राणी जमनाबाईंना दत्तक घ्यायची परवानगी मिळाली. कवळाण्याहून मुलं आणली, त्यातून गोपाळरावांची निवड झाली. कशाला आलात असं विचारल्यावर बाकीच्यांनी काहीबाही सांगितलं आणि गोपाळ म्हणाला मी राज्य करायला आलोय, असं सांगतात. २७ मे १८७५ ला दत्तकविधान झालं. वय बारा वर्षं दोन महिने. पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे, ज्या मुलाचं तोपर्यंत शिक्षण जवळजवळ नव्हतंच त्याने १८९३ मध्ये अमरेलीत सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग सुरू केला आणि १९०६ मध्ये तो सगळ्या राज्यात लागू केला.

पण त्या रविवारी मला राज्य, शिक्षण काही दिसत नव्हतं. मला दोन बायका दिसत होत्या.

एक उमाबाई. तिला त्याचं पालथं पडणं मिळालं, रांगणं, बोबडे बोल, पडलेले दात, सगळं. आणि बाराव्या वर्षी, जिथे आपण कंटाळून म्हणतो की आता हा मोठा झाला, आता काय त्याचं बघायचं, तिथे कायद्याने तो तिचा मुलगा राहिला नाही. आणि दुसरी जमनाबाई. तिची पोटची मुलगी होती, ताराबाई, म्हणजे बाळ म्हणजे काय हे तिला माहीत होतं. पण हा मुलगा तिच्याकडे आला तो बारा वर्षांचा होऊनच. ह्याची टाळू तिने भरली नाही. बोरन्हाण केलं नाही. हा रांगताना कसा दिसायचा ते तिला कोणी सांगितलं असेल तरच. तिच्यासाठी त्याचं बाळपण म्हणजे हेच, लांब हातपाय, गावातली बोली, अनोळखी वाडा, नवीन नाव. जे वय माझ्या फोनमध्ये एकेचाळीस फोटोंत उरकलंय, ते वय तिच्यासाठी पहिलं होतं. तिला सुरुवातच तिथून करायची होती. आपल्या मांडवीला जमनाबाई हॉस्पिटल आहे, आपण शंभरदा "जमनाबाईला चाललोय" असं म्हणतो आणि ह्या बाईचा आई म्हणून कधी विचार करत नाही. मी तरी केला नव्हता.

तिथे कमाटीबागेत बाकावर बसून मी स्वतःला म्हटलं की समजा, हा मुलगा मला आजच मिळालाय. बारा वर्षांचा. आधीचं काहीच माहीत नाही. तर काय बघशील?

आणि मी बघायला लागले. म्युझियममध्ये निळ्या देवमाशाचा सांगाडा आहे, प्रचंड मोठा, बडोद्यातल्या प्रत्येक मुलाने तोंड उघडं ठेवून बघितलेला. थोरला तीन-चार वर्षांचा असताना तिथून हलायचा नाही, मला माहीत होतं. पण आज काय करतो ते बघितलं. त्याने धाकटीला खांद्यावर घेतलं आणि सांगाड्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पावलं मोजत चालत गेला, ओठ हलत होते. मग तिला विचारलं, आपल्या घराच्या हॉलमध्ये मावेल का? ती म्हणाली हो. तो हसला नाही, चूक म्हणाला नाही, म्हणाला "घरी जाऊन मोजू." आणि घरी येऊन खरंच मोजलं, हॉल, पॅसेज, मग जिना, मग बाहेरचा ओटा, ती त्याच्या मागून एक एक पाऊल टाकत. हा संयम त्याच्यात कधी आला? लहानपणीचा थोरला, ज्याचे व्हिडिओ बघून मी गलबलते, तो एक मिनिट धीर धरायचा नाही, आडवा पडून रडायचा. हा नवीन आहे. हा मला आजच भेटला होता.

मागे वळून बघितलं तर ऑगस्टच्या पुरातही तो दिसला होता मला, फक्त मी लक्ष दिलं नव्हतं. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदी शहरात शिरली, आमच्या वासणा रोडच्या सोसायटीत खाली कमरेएवढं पाणी, लाइट नाही, लिफ्ट बंद, नदीतल्या मगरी सोसायट्यांच्या रस्त्यांवर आल्याचे व्हिडिओ फोनवर येत होते तोवर फोनही बंद पडले. मी घाबरलेली होते आणि त्यात धाकटीला ताप. तेव्हा साडेअकरा वर्षांचा हा मुलगा तिसऱ्या मजल्यावरून खालच्या जिन्यापर्यंत उतरून, वरच्या मजल्यावरच्या एकट्या राहणाऱ्या बांसाठी (गुजराती आजींसाठी) प्यायच्या पाण्याच्या बाटल्या पोचवत होता, कोणी सांगितलं नव्हतं. आणि रात्री टॉर्च छताकडे धरून बहिणीला मगरींची गोष्ट सांगत होता, त्यातली मगर फार भित्री होती, तिला स्वतःलाच घरी जायचं होतं. मी कुशीवर वळून ऐकत होते आणि मनात हिशोब करत होते की तांदूळ किती उरलाय.

ह्या वयाच्या मुलांशी बोलायचं कसं हा प्रश्न मला नेहमी पडायचा, कारण समोर बसवून "कशी होती आज शाळा" विचारलं की "ठीक" एवढंच येतं. पण ॲक्टिवावर मागे बसला की बोलतो. खरंच, हे मी आता ठामपणे सांगते, कुणाच्या घरी एवढं मूल असेल तर त्याला गाडीवर मागे बसवा आणि लांबच्या रस्त्याने न्या. तोंड समोर नसतं, डोळ्यात बघायचं नसतं, रस्त्याचा आवाज असतो, मध्ये मध्ये गप्प बसलं तरी चालतं. वासणा रोडहून दांडिया बाजारात आजीकडे जाईपर्यंत त्याने मला काय काय सांगितलंय गेल्या महिन्यात. की त्याचा जुना मित्र आता दुसऱ्या ग्रुपमध्ये जेवतो. की त्याला गाताना आवाज फाटतो म्हणून त्याने प्रार्थनेत नुसते ओठ हलवायला सुरुवात केलीय. की आजी मेली तर धाब्याच्या किल्ल्या कोणाकडे राहतील. पूर्वी तो पुढे उभा राहायचा, हँडलला धरून, त्याच्या केसांचा वास यायचा मला, जॉन्सनच्या शाम्पूचा. आता मागे बसतो आणि त्याची हनुवटी माझ्या हेल्मेटच्या वर असते, आणि वास घामाचा येतो. सुरुवातीला मला तो वास आवडायचा नाही. आता मी त्यालाही हजर असते, जशी टाळूच्या तेलाच्या वासाला धाकटीच्या वेळी होते.

शेजारच्या मासी परवा म्हणाल्या, "छोकरो तो मोटो थई गयो, हवे तने शांति." मी त्यांना म्हटलं नाही मासी, अजून मोठा नाही झाला, मध्येच आहे, आणि मला ती शांती नकोय. त्यांना काही कळलं नसावं पण त्यांनी मान हलवली.

गेल्या शुक्रवारी रात्री मी ओटा आवरत होते. थोरला बाथरूममधून बाहेर आला, मूठ पुढे केली, उघडली. दात होता. मागची दाढ, दुधाची, आतून पोकळ, कडेला थोडं रक्त. दुधाचे वीस दात असतात, सहाव्या-सातव्या वर्षापासून पडायला लागतात आणि मागच्या दाढा सगळ्यात शेवटी, बाराच्या आसपास. डेंटिस्टने त्याला आधीच सांगून ठेवलं होतं की एकच राहिलाय. तो म्हणाला, "हा शेवटचा." आवाज सहज होता, पण मूठ त्याने पुढे केलेली होती, कचऱ्याच्या डब्याकडे नेलेली नव्हती.

पहिला दात पडला होता तेव्हा काय काय झालं होतं. व्हॉट्सॲपवर फोटो, पुण्याच्या मामाचा व्हिडिओ कॉल, आणि सासूबाईंनी त्याला अंगणात उभं करून मागच्या कौलांवर दात फेकायला लावला होता, उंदीरमामाला सांगून. मी ओले हात पुसले आणि म्हटलं, चल. तो म्हणाला कुठे. म्हटलं धाब्यावर.

बाबा धाकटीला झोपवत होते. आम्ही दोघं वर गेलो, चपलांचा आवाज न करता. थंडी होती. टाकीच्या पाईपला, केबलच्या तारांना अजून उत्तरायणाचे पतंग लटकत होते, फाटलेले, आणि कठड्यापाशी मांजाचा गुंता पडलेला. मी मोबाइल घेतला होता पण तो खिशातच राहिला, का ते सांगता येणार नाही, तेव्हा दोन्ही हात मोकळे हवे होते एवढंच. पलीकडे वॉचमनच्या खोलीचं पत्र्याचं छप्पर आहे. त्याने नेम धरला, पतंग उडवताना धरतो तसे पाय रोवून, आणि फेकला. पत्र्यावर टक् करून आवाज आला, मग थोडा घरंगळल्याचा.

"उंदीरमामाला काय म्हणायचं असतं?" त्याने विचारलं.

"माझा दात घे, तुझा दे."

त्याने ते म्हटलं नाही, पण ओठ हलले, पावलं मोजताना हलले होते तसे. मग कठड्याला टेकून विचारलं, "पहिल्या वेळी मी काय केलं होतं? रडलो होतो?"

"नाही. तू म्हणालास दात नको, परत खाली आणा, उंदराला दोन झाले तर तो चावेल."

तो हसला, बसलेल्या घशातून, एकदा बारीक आणि एकदा जाड आवाजात. जीभ त्या रिकाम्या जागेत फिरवत म्हणाला, "सेव उसळ उरलीय का?"

उरली होती. मी गरम केली, वर शेव घातली, तिखट तरी बाजूला ठेवली. रात्री साडेअकराला तो ओट्याशी उभा राहून खात होता, एकाच बाजूने चावत, आणि मी समोर स्टूल ओढून बसले.